कुंड्यांची बाग: मृगाआधी, झडीत आणि हस्त सरल्यावर

गच्चीवरची आणि बाल्कनीतली बाग वर्षातून एकदाच मोठ्या प्रमाणावर मरते, ती जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलचं ऊन सोसलेली झाडं भर पावसात माना टाकतात. खापर पावसावर फुटतं, पण चूक बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेली असते. पहिली सर आली की उत्साहाने कुंड्या बदलायच्या, भरपूर खत घालायचं, जोरदार छाटणी करायची आणि मग झाड चार महिने पावसाच्या हवाली करायचं, असा बहुतेकांचा क्रम असतो. मुळं दुखावलेली, माती भुसभुशीत, तिच्यात न कुजलेलं खत आणि वरून आठ दिवसांची झड, अशा कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही. ती गुदमरतात, मग कुजतात.

म्हणून या लेखातला क्रम वेगळा आहे. जड कामं दोनदाच करायची: मेच्या मध्यापासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत (२५ मेच्या सुमारास) आणि हस्त नक्षत्र संपल्यानंतर (ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात). मधले चार महिने राखण करायची. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. घाटावर एखाद-दोन दिवसांचा फरक. तारखा दरवर्षी हलतात. पंचांगातल्या नक्षत्राइतकंच आभाळाकडेही लक्ष असू द्या.

खालची मापं १२ इंची कुंडीसाठी आहेत. तिच्यात साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. कुंडी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी काय जमवायचं

- खुरपं, धारदार कात्री, पुसायला स्पिरिट आणि कापूस
- विटांचा चुरा (हरभऱ्यापासून वाटाण्याएवढा) किंवा भाताचं तूस
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- कोकोपीट. ५ किलोची वीट भिजली की सुमारे ७० लिटर होते, त्यामुळे चार-पाच कुंड्यांसाठी एवढी मोठी वीट आणू नका
- निंबोळी पेंड, कुंडीला एक मूठ, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम
- मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) आणि कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना, प्रत्येकी १०० ग्रॅम
- प्लास्टिकच्या मच्छरजाळीचे तळहाताएवढे तुकडे
- सुतळी, बांबूच्या काठ्या, जुन्या विटा, रबरी हातमोजे

विटांच्या चुऱ्याऐवजी समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. बांधकामाची कृत्रिम वाळू वापरायची तर तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या. तिच्यातली बारीक भुकटी कुंडीत सिमेंटसारखी बसते.

टप्पा १: गच्ची रिकामी करून पाहा (१५ मेच्या आसपास)

सुरुवात झाडांपासून करू नका. आधी कुंड्या बाजूला ओढा, गच्ची झाडा आणि पाणी वाहून जाण्याच्या तोंडाशी बसून बघा. वर्षभराचा पाचोळा, कोकोपीटचे धागे आणि माती पन्हाळीच्या जाळीवर थर करून बसलेली असते. हाताने काढा, मग दोन बादल्या पाणी ओता. पाणी घोटाळलं तर आत बोळा आहे, तो आत्ताच काढायला हवा. जुलैत गच्चीवर तळं साचलं की खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि मग सगळी बागच हलवायची वेळ येते.

आता वजन. पाणी प्यायलेली १२ इंची कुंडी सुमारे २० किलो भरते. १८ इंचीत त्याच्या तिप्पट-चौपट वजन असतं, आणि अर्ध्या पिंपात तर सव्वाशे-दीडशे किलो. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा चल भार (माणसं, सामान यांचा) धरतात. म्हणून पिंपं आणि मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध एकत्र ठेवू नका. भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर, एकमेकींपासून लांब ठेवा. इमारत जुनी असेल आणि छताला भेगा असतील तर आधी अभियंत्याला दाखवा, झाडं नंतर.

प्रत्येक कुंडीखाली तीन विटांचे तुकडे द्या, चार नकोत. तिनावर कुंडी डुगडुगत नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन इंच उचललेला हवा. कठड्यावर ठेवलेल्या किंवा कठड्याबाहेर टांगलेल्या कुंड्या याच दिवशी आत घ्या. वळवाच्या वाऱ्यात त्या खालच्या रस्त्यावर पडतात.

> तपासणी: दोन बादल्या पाणी ओतल्यावर पाच मिनिटांत गच्चीवर कुठेही डबकं राहता कामा नये. राहिलं तर त्या जागी कुंडी ठेवू नका.

टप्पा २: कुंडीचं भोक

सगळ्या लेखात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण गाळतात, कारण कुंडीला भोक असल्याचं दिसत असतं. भोक दिसणं वेगळं आणि वाहतं असणं वेगळं. वर्षभरात मुळं भोकात घुसून बूच बनवतात, खालून चिखल बसतो, किंवा सपाट तळ फरशीला चिकटून भोक झाकलं जातं.

आदल्या दिवशी पाणी दिलेल्या कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओता आणि घड्याळ पाहा.

- मिनिटभरात वरचं पाणी मुरलं आणि दोन-तीन मिनिटांत खालून धार लागली: कुंडी ठीक.
- पाच मिनिटांनीही वर पाणी दिसतं: भोक बुजलंय किंवा माती घट्ट झालीय.
- ओतता ओतताच कडेने सरळ खाली आलं: मातीचा गड्डा आकसून भिंतीपासून सुटला आहे. हे पाणी मुळांना मिळतच नाही. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग पुन्हा पाहा.

भोक बुजलं असेल तर आडवी करून खालून जाड तारेने मोकळं करा. प्लास्टिकच्या कुंडीला तळाशी एकच भोक असेल तर करंगळी जाईल एवढी आणखी चार पाडा, आणि दोन बाजूच्या भिंतीत तळापासून बोटभर उंचीवर. बाजूची भोकं तळ फरशीला टेकला तरी वाहती राहतात. मातीच्या कुंडीला रात्रभर पाण्यात बुडवून मगच ड्रिल लावा. ठोके देणारी सोय बंद ठेवा, नाहीतर कुंडी उकलते.

तळाशी खडीचा किंवा खापरांचा दोन इंची थर द्यायची आपल्याकडे सवय आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून राहतं. खडी घातली की हा ओला थर आणखी वर, मुळांच्या जवळ सरकतो आणि मातीची जागाही जाते. प्रत्येक भोकावर मच्छरजाळीचा तुकडा पुरे; मोठं भोक असेल तर वर एक खापर, पालथं.

टप्पा ३: मिश्रण

काळी माती कुंडीत वापरू नका, निदान एकटी नको. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसून तडकते आणि पावसात चिखलाचा गोळा होते. लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा घ्या. शेतातून काळी मातीच मिळणार असेल तर सांगितलेल्या मापाच्या निम्मीच घ्या आणि उरलेल्याच्या जागी विटांचा चुरा घाला.

लिटरच्या मगाने मोजायचं, १२ इंची कुंडीसाठी:

- पुणे, नाशिक, कोल्हापूर शहर अशा मध्यम पावसाच्या भागात: माती ५, शेणखत ४, विटांचा चुरा किंवा तूस ३, कोकोपीट ३.
- कोकण, मुंबई, गोवा, घाटमाथा: माती ५, शेणखत ४, चुरा किंवा तूस ५, कोकोपीट १.

दोन मापं का, ते पावसाच्या आकड्यांवरून कळेल. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो, मुंबईत फक्त चार महिन्यांत दोन हजारांवर. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. जे पुण्यात हवंसं वाटतं तेच रत्नागिरीत मुळांच्या नाकातोंडात जातं. इंटरनेटवर दिसणारं ‘माती, कोकोपीट, खत समान भाग’ हे माप कोकणात पावसाळ्यात वापरू नका.

कोकोपीट भिजवल्यावर दोनदा पाण्याने धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असू शकतं. शेणखत हातात घेऊन बघा: वास मातीसारखा हवा, शेणाचा आकार ओळखू येता कामा नये, गरम लागता कामा नये. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत कुजत राहतं आणि मुळांच्या वाट्याची हवा खातं. शिवाय त्यातून हुमणी येते. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर मातीबाहेर येतात आणि अशाच सेंद्रिय मातीत अंडी घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाड अचानक सुकून हातात उपटून येतं, तेव्हा खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडते.

शेवटी निंबोळी पेंड मिसळा, हलकं पाणी शिंपडा आणि मिश्रण आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ठेवा.

> तपासणी: ओलसर मिश्रणाची मूठ वळा आणि उघडा. गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचताच विस्कटला पाहिजे. टोचूनही न फुटणारा गोळा म्हणजे चुरा कमी पडला. मूठ उघडताच सगळं ओघळलं तर माती वाढवा.

टप्पा ४: कुंडी कुणाची बदलायची (२५ मेपूर्वी)

सगळ्यांची नाही. झाड कुंडीतून अलगद काढा. मुळं गड्ड्याभोवती दोरीसारखी गोल फिरलेली दिसली तरच बदला. पांढरी मुळं इकडेतिकडे डोकावत असतील तर परत ठेवून द्या. लिंबू आणि कढीपत्त्याची मुळं विनाकारण छेडू नका, ती रुसतात.

बदलताना:

1. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. कोरड्या मातीत मुळं तुटतात.
2. काम संध्याकाळी पाचनंतर.
3. गड्ड्याच्या बाहेरून गोल फिरलेल्या मुळांचा बोटभर जाडीचा थर कापा. एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही.
4. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की मुळांना न पोचता येणारी माती सतत ओली राहते. ‘एकदाच मोठी देऊन टाकू’ या विचाराने पावसाळ्यात बरीच रोपं जातात.
5. खोडाची जुनी मातीची रेषा होती तेवढंच झाड पुरा. खोडावर माती चढली तर ते तिथेच कुजतं.
6. वर बोटाच्या दोन पेरांएवढी जागा रिकामी. काठोकाठ भरली तर पहिल्याच मोठ्या सरीत माती वाहून जाते. फार खाली राहिली तर कुंडीचं डबकं होतं.
7. दहा दिवस सावलीत. या काळात खत नाही.

विदर्भ आणि मराठवाड्यात मेच्या शेवटी पारा चाळिशीपलीकडे असतो, तेव्हा हे काम करू नका. तिथे मेमध्ये फक्त टप्पा १ आणि २ उरका. पावसाने हवा गार झाली की वळचणीखाली, थेट पाऊस न लागणाऱ्या जागी कुंड्या बदला आणि पंधरा दिवस तिथेच राहू द्या.

> सावधान: २५ मे उलटली आणि काम राहिलं असेल तर राहू द्या. अडचणीत असलेलं झाड ऑक्टोबरपर्यंत जुन्या कुंडीत तग धरतं. जूनमध्ये घाईने बदललेलं धरेलच असं नाही.

टप्पा ५: हलकी छाटणी आणि बोर्डो मलम

मेमधली छाटणी म्हणजे सफाई. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, आतून हवा खेळेल एवढंच. गुलाबाची खरी छाटणी आत्ता करू नका, ती ऑक्टोबरची. मोगऱ्याला फुलं चालू असतील तर सुकलेली खुडत राहा. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कंटाळा येतो, पण एका गुलाबाची मर दुसऱ्याला कात्रीनेच लागते.

पेन्सिलीपेक्षा जाड काप उघडा ठेवला तर पावसात त्यातून बुरशी शिरते. त्यावर बोर्डो मलम लावा:

1. प्लास्टिकच्या डब्यात अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद रात्रभर विरघळत ठेवा. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं नको, मोरचूद ते खातं.
2. दुसऱ्या प्लास्टिकच्या डब्यात १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या थोड्या पाण्याने विझवा, मग पाणी अर्धा लिटर करा. चुना विझताना उकळतो आणि उडतो. चष्मा, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. आधीच विझवलेला चुना मिळाला तर १२५ ग्रॅम घ्या.
3. दोन्ही गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळा.
4. लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवून परत पाहा.
5. कोरड्या दिवशी ब्रशने कापांवर आणि लिंबाच्या खोडाला जमिनीपासून वीतभर लावा. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही.

तुळस, कढीपत्त्याची पानं, पुदिना यांना मलम लागू देऊ नका. मोरचूद विषारी आहे. तो स्वयंपाकघरात ठेवायचा नाही आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही.

मातीत ट्रायकोडर्मा देणार असाल तर लिटरला ५ ग्रॅम या मापाने कुंडीत अर्धा लिटर द्या, पण बोर्डोनंतर पंधरा दिवसांनी. तांबं बुरशी मारतं, आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी असली तरी बुरशीच आहे.

टप्पा ६: पहिल्या सरीपासून आषाढाअखेर

मृग लागला की चार गोष्टी त्याच आठवड्यात करा.

कुंडीखालच्या बशा काढून टाका, सगळ्या. मुळं कुजतात हे एक कारण. दुसरं, डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी बशीच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, घासून धुवा आणि पालथ्या ठेवा. घरातल्या ज्या कुंडीला बशी ठेवावीच लागते तिला आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा.

उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी उतरवा. ढगांमुळे उजेड आधीच कमी असतो. जाळीखाली झाडं लांबुडकी, फिकी आणि रोगट होतात. ही जाळी गणपतीपर्यंत तशीच लटकत राहते आणि ‘फुलंच येत नाहीत’ अशी तक्रार होते.

मातीवरचं पाचोळ्याचं आच्छादन काढा. मेमध्ये ते गारवा देतं, जुलैत त्याखाली गोगलगाई राहतात.

अडेनियम, निवडुंग, कोरफड आणि हलक्या मातीतली रोपं वळचणीखाली न्या. पण पागोळ्यांच्या बरोबर खाली नको, पत्र्यावरून पडणारी धार मातीत खड्डा पाडते.

आता एक उलटी चूक. बाहेर धो धो पाऊस आणि बाल्कनीत आतल्या बाजूची झाडं तहानेने मेलेली. वर छत आहे, पाऊस तिथे पोचत नाही, आणि माणूस ‘पाऊस आहे ना’ म्हणून पाणी देत नाही. आठवड्यातून दोनदा प्रत्येक आतल्या कुंडीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी, मग बाहेर काहीही होवो.

फांद्या लावायला हाच काळ चांगला. जास्वंद, मोगरा, तगर, शेवंती यांच्या पेन्सिलीएवढ्या, वीतभर लांब फांद्या घ्या (शेवंतीचे कोवळे शेंडे चार इंचांचे). खालची पानं काढा, दोन डोळे (जिथून फुटवा येतो त्या जागा) मातीत जातील अशा खोचा. माध्यम निम्मं कोकोपीट, निम्मा विटांचा चुरा. शेणखत नको, मूळ नसलेल्या फांदीला खत कुजवतं. जागा छताखाली.

> तपासणी: झड चालू असताना रोज कुंड्यांवर एक नजर टाका. पाऊस थांबून तासाभरानेही वर पाणी दिसणारी कुंडी ओळखून ठेवा. तिच्या एका बाजूला वीट सरकवून ती कलती करा. पाणी भोकाकडे जाईल.

टप्पा ७: पान पिवळं पडलं, भूक की गुदमर?

जुलैच्या अखेरीस सगळ्यांचा हाच प्रश्न असतो, आणि उत्तर म्हणून सगळे खत घालतात. निम्म्या वेळा ते चुकतं.

*भूक:* खालची जुनी पानं आधी, सारखी फिकी होतात. शेंडा ताठ, झाड हलत नाही, मातीला वास नाही. पावसाने मातीतला नत्र धुऊन गेला आहे. दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की दोन मुठी गांडूळखत वर पसरा, खुरप्याने हलकंच मिसळा. तेवढंच. झड चालू असताना घातलेलं खत पन्हाळीतून जातं.

*गुदमर:* माती ओली आणि तरीही झाड सुकल्यासारखं. वरची-खालची पानं एकदम लोंबलेली, खोड हलवलं तर डुलतं, मातीला आंबूस किंवा नासक्या अंड्यासारखा वास. इथे खत म्हणजे शेवटचा धक्का. पाणीही देऊ नका. ‘सुकलंय’ म्हणून लोक नेमकं तेच करतात. कुंडी आत आणा, गड्डा अख्खा बाहेर काढून वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्यांत गुंडाळा, कागद भिजले की बदला. दुसऱ्या दिवशी तपकिरी, बुळबुळीत मुळं कापा, पांढरी ठेवा. जेवढी मुळं गेली त्या प्रमाणात फांद्याही कमी करा. आधीपेक्षा *लहान* कुंडीत, चुऱ्याचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणात लावा. नवा फुटवा दिसेपर्यंत खत नाही. निम्मी मुळं शिल्लक असतील तर बहुतेक झाडं वाचतात. खोडच मऊ झालं असेल तर वरची निरोगी फांदी लावून घ्या आणि मूळ झाड सोडून द्या.

टप्पा ८: श्रावण-भाद्रपदातले पाहुणे

*गोगलगाई.* रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, हातमोजे घाला (त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात), वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोज वेचणं नको असेल तर गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये पसरा. सकाळी त्याखाली जमलेल्या असतात. कुंडीत मीठ टाकू नका. गोगलगाय मरते, मागोमाग झाडही.

*पिठ्या ढेकूण.* जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके. आधी मुंग्या कुठून चढतात ते पाहा. मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांचा रस्ता तोडल्याशिवाय फवारणी पुरी पडत नाही. जोराच्या पाण्याने धुवा, भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि भांड्यांचा द्रव साबण २ मिली असं फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात पानं भाजतं. संध्याकाळी, पुढचे चार-सहा तास पाऊस नसेल असं बघून. सात दिवसांनी पुन्हा.

*गुलाबावरचे काळे ठिपके.* ठिपक्याची पानं काढा, खाली पडलेलीही वेचा आणि कंपोस्टात टाकू नका. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा.

*लिंबावरच्या अळ्या.* लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. फुलपाखराच्या आहेत. झाड मोठं असेल तर राहू द्या. हातभर रोप असेल तर वेचाव्याच लागतात, दोन दिवसांत सगळं फस्त करतात.

टप्पा ९: हस्त सरल्यावर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माती वाफशावर येते, म्हणजे हाताला ओल लागते पण चिकटत नाही. तोवर खुरपं लावू नका. ओल्या मातीत खुरपणी केली की ढेकळं विटेसारखी वाळतात.

1. वरचं शेवाळ आणि घट्ट झालेला बोटभर थर खरवडून काढा.
2. दोन इंच खोल खुरपणी, खोडाजवळ हलक्या हाताने. हुमणी दिसली तर वेचा.
3. तीन मुठी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड. मातीत मिसळून पाणी द्या.
4. मेमध्ये राहून गेलेल्या कुंड्या आता बदला, टप्पा ४ प्रमाणे. महाराष्ट्रात बहुतेक सदाहरित झाडांना हीच वेळ मानवते.
5. पाच सेंटिमीटर वाळक्या पाचोळ्याचं आच्छादन परत घाला.

पाण्याच्या बाबतीत ऑक्टोबर फसवा आहे. चार महिने पाणी न घालण्याची सवय लागलेली असते आणि ऊन मेसारखं तापतं. पावसात वाढलेली कोवळी पानं ते सोसत नाहीत. मातीच्या कुंडीला रोज सकाळी, प्लास्टिकच्या कुंडीला एक दिवसाआड बोट घालून बघून. याच कोरड्या उष्ण दिवसांत गुलाबाच्या पानांमागे लाल कोळी येतो: पान वरून धुळकट, ठिपक्या-ठिपक्यांचं, मागे बारीक जाळं. पानांची मागची बाजू दोन दिवसाआड पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

गुलाब. पाऊस पूर्ण थांबल्याची खात्री झाली की छाटा. आठवडाभर आधी पाणी निम्मं करा. चार-पाच जोमदार काड्या ठेवून त्या फूट-दीड फुटावर कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्यापासून उलट बाजूला उतरता. कलमाच्या सांध्याखालून आलेल्या फांद्या मुळापाशी मोडून काढा. त्या जंगली असतात आणि वरचं कलम मारतात. कापांना बोर्डो मलम. डोळे फुगू लागले, साधारण आठ-दहा दिवसांनी, की खत. त्याआधी दिलेलं वाया. फुलं दीड महिन्याने.

भाज्या. मेथी आणि पालक ऑक्टोबरच्या मध्यापासून पेरता येतात. कोथिंबिरीची घाई करू नका. माती तापलेली असेल तर धने रुजतच नाहीत. रात्री गार वाटू लागल्या की, म्हणजे बहुधा दिवाळीच्या सुमारास पेरा. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, पाव इंच खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघण्याने कितीतरी वाफे फुकट गेले आहेत.

मोगरा. त्याला ऑक्टोबरमध्ये हात लावू नका. डिसेंबरात पाणी कमी करत आणा, जानेवारीत पानं झडू द्या आणि मगच एक तृतीयांश छाटा. आत्ता छाटलात तर थंडीत नुसता पाला येईल आणि चैत्रात कळ्या शोधाव्या लागतील.